'नो'चं स्लोव्हेनियन करायचंय? मग आधी मराठीत म्हणून बघा

इंग्रजीतलं 'नो' हे क्रियापद, म्हणजे ज्याच्या स्पेलिंगातला पहिला 'के' मुका असतो ते, स्लोव्हेनियनमध्ये काय होतं? माझ्याकडे शिकायला येणारा प्रत्येक जण हा प्रश्न सुरुवातीलाच विचारतो. मी एरंडवण्यात घरी स्लोव्हेनियन, म्हणजे युरोपातल्या स्लोव्हेनिया देशाची भाषा, शिकवते; त्याआधी बरीच वर्षं रशियन शिकवत होते. येणाऱ्यांमध्ये भोसरी-चाकणच्या कारखान्यांतले इंजिनिअर असतात, ल्युब्ल्यानाला, तिथल्या राजधानीत, पुढच्या शिक्षणासाठी निघालेली मुलं असतात. कोथरूडच्या एक काकूही येतात. त्यांची सून मारिबोरची आहे, आणि विहीणबाईंशी मध्ये कुणी दुभाष्या न घेता बोलता यावं एवढीच त्यांची इच्छा आहे. या सगळ्यांना माझं सांगणं एकच असतं: 'नो' हा शब्द बाजूला ठेवा, जे म्हणायचंय ते आधी मराठीत म्हणा, आणि मग मराठीत कोणतं क्रियापद आलं ते बघा.

आपण काय म्हणतो पाहा. 'स्वारगेट कुठे आहे ते मला माहीत आहे.' 'मला पोहता येतं.' 'मी त्या बाईंना ओळखते.' इंग्रजी या तिन्ही ठिकाणी 'नो'वर भागवू शकतं. मराठीला ते चालत नाही, आणि स्लोव्हेनियनलाही नाही. तिथे माहीत असण्याला 'वेदेती', येण्याला 'ज्नाती' आणि ओळखण्याला 'पोज्नाती' आहे. तीनाला तीन. पुण्यात इंग्रजी माध्यमातून शिकलेली मुलं परकी भाषा इंग्रजीच्या खिडकीतून बघायला जातात, आणि घरात बोलली जाणारी भाषा याबाबतीत कितीतरी जवळची आहे हे त्यांच्या लक्षातच येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

उच्चाराचं थोडक्यात सांगते. मी इथे लिहिलेला प्रत्येक 'ज' 'जागा'मधला आहे, 'जीवन'मधला नव्हे. 'च' मात्र 'चिमणी'तला. स्वरापूर्वीचा 'व' अगदी आपल्यासारखा असतो, त्यासाठी ओठ चावायची गरज नाही. पण तोच 'व' व्यंजनाआधी आला की 'उ'कडे झुकतो, आणि पुल्लिंगी भूतकाळाच्या शेवटी लिहिलेला 'ल'सुद्धा 'उ' होतो. 'त्याला माहीत होतं' याचं लेखी रूप 'वेदेल', पण ऐकू येतं 'वेदेउ'.

आता 'वेदेती'. यात ठोका पहिल्या 'वे'वर. एखादी गोष्ट, बातमी, वस्तुस्थिती माहीत असणं म्हणजे वेदेती. याच्यापुढे बहुतेक वेळा अख्खं उपवाक्य येतं: कुठे, कोण, कधी, का, की. 'वेम, क्ये ये स्वारगेट' म्हणजे स्वारगेट कुठे आहे ते मला माहीत आहे. 'वेम, दा ये आना दोमा' म्हणजे आना घरी आहे हे मला माहीत आहे. लिहिताना 'वेम'नंतरचा स्वल्पविराम गाळू नका. स्लोव्हेनियनमध्ये तो हवाच, आणि तिथले शिक्षक त्याबद्दल फार काटेकोर असतात. उपवाक्य नसेल तर 'हे', 'सगळं', 'काही' अशी सर्वनामं येतात. 'निच ने वेम', मला काहीच माहीत नाही. 'निह्चे निच ने वे', कोणालाच काहीच माहीत नाही. इथे नकारावर नकार रचले जातात आणि त्यात काही वावगं नाही. उलट एखादा कमी केलात तर वाक्य चुकेल.

मराठी माणसाची इथे एक ठरावीक अडचण होते. आपल्याकडे 'मला' माहीत असतं, म्हणून तो स्लोव्हेनियनमध्येही 'मला' शोधू लागतो. तिथे कर्ता साधा प्रथमेत असतो आणि तोही बहुतेक वेळा बोलत नाहीत. 'वेम' एवढ्यात 'मी' आला. दुसरीकडे 'मला घाई आहे' हे मात्र तिथे जवळजवळ आपल्यासारखंच होतं, 'मुदी से मी', त्यातला 'मी' म्हणजे 'मला'. त्यामुळे गोंधळ वाढतो. लक्षात ठेवायची सोपी रीत अशी: या तिन्ही क्रियापदांना 'मला' कधीच लावायचं नाही.

ही रूपं पाठ करताना मी विद्यार्थ्यांना शाळेतल्या संस्कृतची आठवण करून देते. 'विद्' धातूचा वर्तमानकाळ आठवतो? वेद्मि, वेत्सि, वेत्ति. स्लोव्हेनियनमध्ये वेम, वेश, वे. दोन्हींचं मूळ एकच आहे. प्राचीन इंडो-युरोपीय भाषेतला एकच धातू तिकडे 'वेदेती' झाला आणि इकडे 'वेद' झाला. 'वेद्मि'तला 'द' स्लोव्हेनियनमध्ये गळला, पण 'त्यांना माहीत आहे' म्हणताना 'वेदो' असा परत येतो. तिकडे 'वेदा' हा शब्द आजही शास्त्र, विद्याशाखा या अर्थाने चालतो. 'सांगणे' याला 'पोवेदाती' म्हणतात, त्यातही हाच धातू आहे, जसा आपल्या 'निवेदन' शब्दात आहे. आणि 'अर्थातच', 'हो तर' असं म्हणायला ते रोज 'सेवेदा' म्हणतात. तो मुळात 'से वे, दा' म्हणजे 'हे माहीतच आहे की' या तीन शब्दांचा जोड आहे. भांडारकर संस्था आणि डेक्कन कॉलेज ज्या गावात आहे, तिथल्या माणसाला हे सांगताना मला निराळाच आनंद होतो.

संस्कृतचा दुसरा उपयोग द्विवचनाचा. युरोपातल्या फार थोड्या भाषांनी द्विवचन टिकवलं, आणि स्लोव्हेनियन त्यांतली एक आहे. तिथे ते रोजच्या बोलण्यात असतं. 'आम्हां दोघांना माहीत आहे' हे 'वेवा', 'तुम्हां दोघांना' आणि 'त्या दोघांना' यासाठी 'वेस्ता', आणि दोघांपेक्षा जास्त असतील तर 'वेमो, वेस्ते, वेदो'. नवराबायको म्हणून कुठे गेलात आणि 'आम्हाला माहीत आहे' म्हणायचं असेल, तर 'वेमो' म्हणू नका, 'वेवा' म्हणा. समोरच्याला लगेच कळतं की यांनी भाषा मनापासून शिकली आहे.

'ज्नाती'कडे वळू. जे शिकून अंगात मुरलं आहे, ते ज्नाती. पोहणं, स्वयंपाक, गाडी चालवणं, भाषा, पाढे. 'ज्नाम प्लावाती', मला पोहता येतं. 'ज्नाम कूहाती', मला स्वयंपाक येतो. 'आली ज्नाश वोजीती?', तुला गाडी चालवता येते का? 'ज्नाम स्लोवेन्स्को', मला स्लोव्हेनियन येतं. पाढे येतात हे 'ज्नाम पोश्तेवान्को', आणि एखादी गोष्ट पाठ असेल तर 'ज्नाम ना पामेत'. मराठीत जिथे 'येतं' म्हणाल तिथे डोळे मिटून 'ज्नाती' वापरा. रूपं अगदी सरळ आहेत: ज्नाम, ज्नाश, ज्ना, ज्नावा, ज्नाता, ज्नाता, ज्नामो, ज्नाते, ज्नायो. 'पोज्नाती'ची रूपंही हीच, फक्त आधी 'पो' लावायचा. हे ज्नाती म्हणजे आपलं 'ज्ञा', ज्ञानातला. इंग्रजी 'नो'मधला मुका 'के' एकेकाळी उच्चारला जात होता आणि तोही याच कुटुंबातला आहे.

येणं आणि जमणं यांतला फरक मात्र सांभाळा. कौशल्य आहे पण आत्ता शक्य नाही, असं असेल तर स्लोव्हेनियन दुसरं क्रियापद घेते: 'ज्नाम प्लावाती, आम्पाक ज्दाय ने मोरेम'. पोहता येतं, पण आत्ता नाही जमणार. खांदा दुखत असलेल्या माणसाने 'ने ज्नाम प्लावाती' म्हटलं, तर ऐकणारा त्याला पोहायचं शिकवायला निघेल. मराठीत हा फरक आपण बिनचूक करतो, फक्त इंग्रजीतून विचार केला की तो हातातून निसटतो.

'ज्ना बीती' हा एक वाक्प्रचार बोलण्यात सारखा कानावर येईल. त्याचा येण्याशी काही संबंध नाही. त्याचा अर्थ 'असेलही', 'असू शकतं'.

'पोज्नाती' म्हणजे ओळख असणं. माणूस, गाव, रस्ता, पद्धत, नियम. याच्यापुढे नाम येतं, उपवाक्य येत नाही, आणि ही खूण सगळ्यांत भरवशाची आहे. 'पोज्नाम आनो', मी आनाला ओळखते. नकार आला की कर्माची विभक्ती बदलते: 'ने पोज्नाम आने'. होकारात द्वितीया, नकारात षष्ठी. पुरुषाच्या नावाला हा बदल दिसत नाही, कारण त्यांची द्वितीया आणि षष्ठी सारखीच असते. बायकांच्या नावांना, गावांना, वस्तूंना तो लगेच दिसतो. 'हे शहर माझ्या ओळखीचं आहे' म्हणजे 'पोज्नाम तो मेस्तो', आणि नाही म्हणायचं तर 'ने पोज्नाम तेगा मेस्ता'.

मराठी आपल्याला दगा देते ती इथेच, म्हणून जरा थांबून सांगते. आपण 'माहीत असणे' फार सैल वापरतो. 'मला ते हॉटेल माहीत आहे', 'मला तो माणूस माहीत आहे', 'मला तो रस्ता माहीत आहे', सगळीकडे माहीत. शिकाऊ माणूस मग सरळ 'वेम' लावतो आणि पुढे नाम ठेवतो. स्लोव्हेनियन कानाला ते खटकतं. अशा वेळी स्वतःला विचारायचं: मी तिथे गेलेय का, त्याच्याशी बोललेय का, त्या रस्त्याने चाललेय का? उत्तर हो असेल तर पोज्नाती. नुसतं ऐकून ठाऊक असेल तर 'वेम जा' आणि पुढे नामाची द्वितीया: 'वेम जा दोब्रो कावार्नो', एक चांगला कॅफे आहे हे मला ठाऊक आहे. त्यात बसून कॉफी प्यालेली असो वा नसो. माणसाबद्दल तर मी प्रत्येकाकडून एक वाक्य घोकून घेते: 'वेम, ग्दो ये, आम्पाक गा ने पोज्नाम'. तो कोण ते माहीत आहे, पण माझी त्याच्याशी ओळख नाही. लेखी 'क्दो' बोलताना 'ग्दो' होतो, पुढच्या 'द'मुळे. या एका वाक्यात वेदेती आणि पोज्नाती दोन्ही आपापल्या जागी आहेत. ते तोंडात बसलं की पुढे विचार करावा लागत नाही.

'ओळखणे'सुद्धा मराठीत बरंच ओझं वाहतं. गर्दीत कुणाला ओळखलं, तर ते 'प्रेपोज्नाती'. 'ओळख पाहू मी कोण' मधलं ओळखणं म्हणजे अंदाज करणं, त्याला 'उगानीती'. आधीपासून परिचय असणं एवढंच पोज्नाती.

उत्तर माहीत असणं, नाव माहीत असणं अशा जागा सीमेवरच्या आहेत. 'उत्तर' शब्दाबरोबर वेदेती आणि पोज्नाती दोन्ही कानावर येतील, त्यात फार अडकू नका. नावाच्या बाबतीत मी उपवाक्याचा रस्ता सुचवते: 'वेम, काको मु ये इमे', त्याचं नाव काय ते मला माहीत आहे. हे कधीच चुकत नाही.

इथवर आपण स्थिती बघितली. पण इंग्रजी 'नो' कधीकधी ती स्थिती सुरू होण्याचा क्षणही दाखवतं, आणि तिथे पुन्हा मराठी धावून येते. माहीत असणं ही स्थिती, तर कळणं ही घटना. येणं ही स्थिती, शिकणं ही घटना. ओळख असणं आणि ओळख होणं, तसंच. स्लोव्हेनियनमध्ये वेदेतीला इज्वेदेती, ज्नातीला नाउचीती से, पोज्नातीला स्पोज्नाती. 'मला काल कळलं' हे बाईने म्हणायचं तर 'उचेराय सम इज्वेदेला', पुरुषाने म्हणायचं तर 'उचेराय सम इज्वेदेउ'. यातला 'सम' लिहितात 'सेम', पण तो स्वर आपल्या साध्या 'अ'सारखा असतो. गेलो-गेले करणाऱ्या आपल्या जिभेला हा लिंगभेद मुळीच जड जात नाही.

कोथरूडच्या काकूंसाठी तयार केलेलं वाक्य इथे देते, कारण त्यात द्विवचन, लिंग आणि स्पोज्नाती तिन्ही आलं आहे. दोघी बायका एकमेकींना म्हणतील, 'लेपो, दा स्वा से स्पोज्नाली', आपली ओळख झाली, छान वाटलं. दोन पुरुष असते, किंवा एक पुरुष आणि एक बाई, तर 'स्पोज्नाला'. विहीणबाईंना अहोजाहो करायचं असतं. तिथेही 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद आहे आणि एकट्या माणसालाही आदराने अनेकवचन लावतात: 'आली वेस्ते?', तुम्हाला माहीत आहे का? आदरार्थी भूतकाळात बाईशी बोलतानाही रूप पुल्लिंगी अनेकवचनाचं येतं, 'आली स्ते वेदेली?' आपणही 'तुम्ही कधी आलात?' बाईला आणि पुरुषाला सारखंच विचारतो, त्यामुळे काकूंना हे चटकन पटलं.

आता कारखान्यातल्या मंडळींचं. त्यांचा 'नो'शी सगळ्यात जास्त संबंध ईमेलमध्ये येतो, 'मला कळवा' या अर्थाच्या वाक्यात. वरच्या तिन्ही क्रियापदांपैकी एकही तिथे बसत नाही. मराठीत बघा, 'कळवणे' हे वेगळं क्रियापद आहे. स्लोव्हेनियनमध्येही 'स्पोरोचीती' वेगळं आहे. 'स्पोरोचीते मी' म्हणजे मला कळवा. घरच्यांना, मित्रांना 'यावी मी', कळव रे. 'माझ्या माहितीप्रमाणे' असं सावधपणे लिहायचं असेल तर 'कोलिकोर वेम'. 'तुम्हाला ठाऊकच आहे' याला 'कोत वेस्ते'. आणि अनोळखी गावात उतरल्यावरचं वाक्य प्रत्येकाने पाठ करूनच निघावं: 'ओप्रोस्तीते, आली वेस्ते, क्ये ये औतोबुस्ना पोस्ताया?' माफ करा, बस स्थानक कुठे आहे माहीत आहे का? समोरचा खांदे उडवून 'ने वेम' म्हणाला, तर पुढच्याला विचारा. 'देव जाणे' याला ते 'बोग वे' म्हणतात, तेही ऐकायला मिळेल.

दुसरी युरोपीय भाषा येत असेल तर तिचा आधार घ्या, पण जपून. पुण्यात जर्मन शिकलेले खूप आहेत. त्यांच्यासाठी विसेन म्हणजे वेदेती, केनेन म्हणजे पोज्नाती, हे नीट जुळतं. क्योनेन मात्र अर्धंच जुळतं, कारण त्यात येणंही आहे आणि शक्य असणंही, आणि स्लोव्हेनियन ते दोन्ही वेगळं ठेवते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन केलेल्यांनी जास्त जपायला हवं. रशियन 'ज्नात्य' माहीत असणं आणि ओळखणं दोन्ही सांभाळतं आणि येण्याला 'उमेत्य' वापरतं. हीच सवय घेऊन तुम्ही स्लोव्हेनियनमध्ये 'ने ज्नाम' म्हणालात, तर तुम्ही 'मला येत नाही' म्हणाल, 'मला माहीत नाही' नव्हे. क्रोएशियन साहित्यावरून शिकणाऱ्यांचंही हेच होतं, कारण तिथेही 'ज्नाम' हे एकच रूप माहीत असण्याला आणि येण्याला पुरतं. शेजारची भाषा म्हणून ती चालून जाईल असं समजू नका.

शब्दकोश कसा बघायचा तेही सांगते. इंग्रजी-स्लोव्हेनियन कोशात 'नो' काढलंत तर तिन्ही क्रियापदं ओळीने दिसतील आणि निवड तुमच्यावर पडेल. त्यापेक्षा उलटीकडून जा. 'फ्रान' नावाचं कोशांचं संकेतस्थळ 2014 साली सुरू झालं. ल्युब्ल्यानातल्या फ्रान रामोव्श भाषासंस्थेचं ते आहे, आणि वापरायला मोफत आहे. प्रमाण स्लोव्हेनियनचा 1970 ते 1991 या काळात पाच खंडांत निघालेला मोठा कोशही त्यात आहे. तिथे मूळ रूप टाका, 'वेदेती' किंवा 'पोज्नाती', आणि व्याख्या सोडून थेट उदाहरणं वाचा. क्रियापदानंतर नाम आलंय, उपवाक्य आलंय की दुसरं क्रियापद, एवढंच बघत जा. मग 'गिगाफिदा' या भाषासंग्रहात तेच रूप शोधा. त्यात एक अब्जाहून अधिक शब्दांचा मजकूर आहे, बहुतेक वर्तमानपत्रं आणि मासिकांतला, म्हणजे माणसं खरोखर काय लिहितात ते दिसतं. फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये सुटा शब्द कधी टाकू नका. पूर्ण वाक्य टाका, आणि जे उत्तर येईल त्यातलं क्रियापद वरच्या कसोटीवर तपासून घ्या.

शेवटी थोडा सराव. खालची वाक्यं आधी स्वतः करून बघा, उत्तरं लगेच पुढे आहेत. 'मला माहीत आहे की तुला स्लोव्हेनियन येतं': वेम, दा ज्नाश स्लोवेन्स्को. 'आम्ही दोघं आनाला ओळखतो': पोज्नावा आनो. 'आम्ही दोघं आनाला ओळखत नाही': ने पोज्नावा आने. 'मला (बाईला) हे माहीत नव्हतं': तेगा निसम वेदेला. इथे 'हे'सुद्धा नकारामुळे षष्ठीत गेलं, 'तो'चं 'तेगा' झालं. 'त्यांना सगळं माहीत आहे, पण पोहता येत नाही': उसे वेदो, आम्पाक ने ज्नायो प्लावाती. यातला 'उसे' लिहिताना 'व्से' असतो. शेवटचं वाक्य अडलं नाही तर 'पोज्नाती' वापरून आपल्या गल्लीतल्या पाच जणांबद्दल पाच वाक्यं लिहा, आणि मग प्रत्येकाला नकार लावा.